पाच नंबरची चिठ्ठी

सर, चिठ्ठी पाच नंबरची निघाली होती आणि मी सुरुवात एक नंबरच्या घरापासून केली. हे आधी सांगून टाकते, नाहीतर मागच्यासारखं गिळून बसेन. तुम्ही विचारलं होतं, "चव्हाणबाई, सुरुवात कुठून केली?" आणि मी तुमच्याकडं न बघता, फॉर्मांचा गठ्ठा टेबलावर ठोकून सरळ करत म्हणाले होते, "पाचपासून, सर. चिठ्ठीप्रमाणं." तुम्ही "बराबर" म्हणालात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात. आज अकरा दिवस झाले, आणि ते तुमचं 'बराबर' काही केल्या मला सोडत नाही.

आमच्या तांड्याच्या फाट्यावर, लिंबाखालच्या दगडावर बसून हे लिहून राहिले. ऊन कललंय. आखाडा बाळापूरकडून हिंगोलीची बस यायची आहे. येईल का, थांबेल का, कुणी सांगावं. उद्या सोमवारी अकरा वाजता आगारात बैठक आहे. उद्या तिथं तुम्ही बोलणार होता. आता मी बोलणार, आणि तुमच्या नावाचा अहवाल चुकीचा आहे हे पहिलं वाक्य असणार.

आगारातल्या साहेबांनी आपल्याला काय वाईट सांगितलं होतं हो? "सकाळची बस तांड्यातून न्यायला हरकत नाही, पण गरज आहे हे दाखवा. पाहणी करा, आकडे आणा." तुम्ही खूश. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना पुस्तकातला 'नमुना निवड' हा धडा एकदाचा रस्त्यावर आणता येईल म्हणून. आणि मी खूश, कारण तांडा माझा, आणि भावाची पोरगी शीतल त्या बसची वाट बघून राहिली होती. रोज पहाटे उठून फाट्यापर्यंत तीन किलोमीटर चालायचं, इथं भरलेली बस आली की ती न थांबता जाणार, मग घरी परत. भाऊ म्हणून राहिला, "असंच चाललं तर पुढच्या वर्षी नाव काढतो. लेकरू किती दिवस रस्त्यावर उभं ठेवू?" त्याचंही चुकत नाही.

तुम्ही फळ्यावर मांडलं. घरं शहाण्णव, आपल्याला विचारायची बारा. शहाण्णव भागिले बारा, आठ. म्हणजे दर आठवं घर. पहिल्या आठांतलं कुठून सुरू करायचं, ते चिठ्ठी ठरवणार. तुमचा तो चेपलेला स्टीलचा गडवा, त्यात जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कागदाच्या चिठ्ठ्या. मी हात घातला, पाच निघाला. "आता तुझ्या मनाला इथं जागा न्हाई, बाई," तुम्ही म्हणालात. "चिठ्ठीला आत्या न्हाई, भाची न्हाई. म्हणून ती माणसापेक्षा शहाणी." वर्ग हसला होता.

आणि मी काय केलं? तांड्यात शिरलं की पहिलं घर नायकाचं. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख, माझे चुलतकाका लागतात. लग्नाची पत्रिका असो, मतदान यादीवाला असो, नाहीतर सासरहून आलेली लेक, त्यांच्या ओट्यावर टेकल्याशिवाय आमच्याकडं कुणी पुढं जात नाही. कुणी गेलंच, तर तोंडावर काही बोलत नाहीत, पण वर्षभर ते लक्षात राहतं. मी हातात फॉर्म घेऊन त्यांच्या दारावरून पाचव्या घराकडं निघाले, तर काका ओट्यावरूनच म्हणाले, "काहून ग, मॅडम झाली म्हणून आमचं घर दिसंना का?" झालं. पाय आपोआप वळले. चहा आला. चहा घेतला म्हटल्यावर फॉर्मही तिथंच भरला. आणि एकदा एकपासून सुरू केलं म्हणून पुढं नऊ, सतरा, पंचवीस असं आठआठनं मोजत गेले. मनाशी म्हटलं, काय फरक पडतो? अंतर तर आठचंच आहे ना.

सर, मी तुमची विद्यार्थिनी. बी.कॉम.ला तुमच्याकडं, एम.कॉम.ला तुमच्याकडं, आणि गेली चार वर्षं तासिका तत्त्वावर तुमच्याच शेजारच्या खुर्चीत. मला 'काय फरक पडतो' म्हणताना जीभ कशी रेटली?

तुमचा पहिला तास अजून आठवतो. तुम्ही आल्या आल्या विचारलं होतं, "वर्गाचं सरासरी वय काढा. मला धरून." आम्ही काढलं. "आता मला वगळून काढा." आकडा खाली आला. "बघा," तुम्ही म्हणालात, "एक म्हातारं घुसलं की सरासरी कशी बिघडते. म्हणून मध्यक शिकायचा. मधला माणूस असल्या म्हाताऱ्यांना दाद देत नाही." तुमच्या शोकसभेत सगळे तुमच्या फोटोकडं बघत होते आणि मी वेड्यासारखी मनात तेच गणित करून राहिले होते, सरांना वगळून. सरासरी खाली आली, सर. आपला स्टाफरूम तरुण झाला. नको होता आम्हाला असला तरुणपणा.

आणि ते शितावरून भाताचं! "शितावरून भाताची परीक्षा" म्हटलं की तुम्ही चिडायचात. म्हणायचात, ही म्हण ज्यानं काढली त्यानं आमच्या घरचा भात खाल्ला नाही. आमच्याकडं वरचं शीत कच्चं, मधलं बराबर आणि खालचं करपलेलं. भात आधी खालवर केलेला असला, तरच एका शिताला काही अर्थ. काकू हे वाक्य ऐकून होत्या, म्हणून तर त्या एकदा कॉलेजच्या स्नेहसंमेलनात सगळ्यांसमोर म्हणाल्या, "ह्यांना रोज करपलेलंच वाढते मी, मुद्दाम!" तुमचं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं होतं.

मग मंगळवार. आपला शेवटचा. मी अहवाल घेऊन आले. बाराच्या बारा घरांत मोटारसायकल. निष्कर्ष: बहुतेक घरांकडं स्वतःचं वाहन असल्यानं सकाळच्या बसची गरज कमी. तुम्ही चष्मा वर सारलात. "बाराच्या बारा? काहून? हिंगोली शहरात तरी असं निघेल का?"

"आकडे आहेत, सर. मी कुठून आणू दुसरे?"

"तुला स्वतःला पटून राहिलं का हे?"

नव्हतं पटत. पण मी तोऱ्यात म्हणाले, "माझ्या पटण्याचा इथं काय संबंध? तुम्हीच शिकवलं. तांडा माझा, भाची माझी. पुन्हा पाहणी करून 'बस पाहिजे' असं उत्तर आणलं, तर लोक म्हणतील चव्हाणबाईनं आपल्या माणसांसाठी आकडे वाकवले." बघा, केवढी मी निःपक्षपाती! आकडे आधीच वाकवून बसले होते, फक्त उलट्या बाजूला, आणि तेही एका कप चहासाठी.

तेव्हा तुम्ही तो प्रश्न विचारलात, आणि मी ते खोटं बोलले. तुम्ही "बराबर" म्हणालात, अहवाल पिशवीत घातलात, सही केली नाहीत. दारातून जाता जाता वळलात. "उद्या येताना तांड्याचा एक नकाशा काढून आण. घरं कशी बसलीत तेवढंच. हातानं काढला तरी चालेल."

मला राग आला. खरंच आला. म्हणाले, "सर, माझाच तांडा आहे तो. डोळे झाकून फिरते मी तिथं. मला कशाला नकाशा?"

"म्हणूनच," तुम्ही म्हणालात, आणि गेलात. एवढंच. आपलं शेवटचं बोलणं हे. मी तर 'येते सर' पण म्हटलं नाही.

बुधवारी सकाळी फोन आला. छातीत कळ आली, दवाखान्यापर्यंत पोचलाच नाहीत. आता भांडू का तुमच्याशी? भांडतेच. दिवाळीनंतर कॉलेजात तपासणी शिबिर झालं, तिथं तुमचं बीपी एकदा, एकदाच, बराबर निघालं आणि तुम्ही काकूंना सांगितलंत, "झालं, मी ठणठणीत." जिना चढताना तुम्ही थांबायचात, कठड्याला हात टेकायचात, ते मी पाहिलं होतं. म्हणाले सुद्धा होते. तर तुम्ही मलाच, "चव्हाणबाई, मोजलंय, मोजलंय." एक मोजणी! आयुष्यभर पोरांचे गुण कापलेत एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढला म्हणून. आणि स्वतःच्या जिवाच्या बाबतीत ती एकच मोजणी पुरली तुम्हाला? लाज नाही वाटली? माफ करा. कुणावर तरी ओरडायचं होतं, आणि तुम्ही नेहमी ऐकून घ्यायचात.

शोकसभेत प्राचार्य उठून म्हणाले की सरांचं शेवटचं काम म्हणजे हा तांड्याचा अहवाल, तो सरांच्या नावानं आगाराला सोमवारी देऊ या, तीच त्यांना श्रद्धांजली. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळेना, पण काहींनी वाजवल्या. श्रद्धांजली म्हणून माझं खोटं! तुमच्या नावाखाली! आणि शीतलची बस त्याच कागदानं अडणार. खरं सांगावं तर कंत्राट पुढं होतं की नाही ही भीती. न सांगावं तर जेव्हा बघावं तेव्हा शीतल फाट्यावर उभी दिसायची. आठवडाभर मी प्राचार्यांच्या केबिनसमोरून पाच वेळा गेले आणि पाच वेळा मागं फिरले.

काल काकूंकडं गेले. त्यांनी तुमची कापडी पिशवी माझ्यापुढं ठेवली. "यातलं तुझं काय ते घे बाई. मला ते आकडे बघवत नाहीत." आत गडवा होता, खडूंचा डबा, आणि अहवाल. त्याच्या सगळ्यात वर नायककाकांचा फॉर्म, आणि त्याला टाचणीनं लावलेली ती चिठ्ठी. पाच.

मी तिथंच, तुमच्या ओसरीत, बसून राहिले. म्हणजे तुम्हाला कळलं होतं. पहिल्या फॉर्मवर नायकाचं नाव वाचून तुम्हाला शंका आली होती, की तांड्याच्या तोंडाशी राहणारा नायक पाचव्या घरात कसा. आणि तरी मला 'खोटारडी' म्हटलं नाहीत. फक्त नकाशा मागितलात. नकाशा काढता काढता मी आपणहून सांगेन, असं वाटलं होतं ना तुम्हाला? एक रात्र दिली होती मला. मी ती रागात घालवली. काकूंनी विचारलं, "काहून रडून राहिली ग, काय लिहिलंय त्यात?" मी म्हटलं, "काही नाही काकू, नंबर आहे."

मग तिथंच कागद घेतला आणि नकाशा काढला. घरकुलाची घरं, सरळ ओळींत बांधलेली. एका ओळीत घरं किती? आठ. सर, आठ! जन्मल्यापासून, नाही तर निदान घरकुलं झाल्यापासून, मी त्या ओळींतून फिरले आणि मला कधी मोजावंसं वाटलं नाही. दर आठवं घर घेतलं की प्रत्येक ओळीतलं पहिलं घर हाती येतं. आणि पहिलं घर म्हणजे रस्त्याकडचं. ती घरं नायकाच्या भावकीनं आधी मागून घेतलेली, ट्रॅक्टर-मोटारसायकल दारात लावता यावी म्हणून. मोटारसायकल असलेल्यांनाच मी शोधून शोधून विचारत गेले होते, मोटारसायकल आहे का म्हणून!

आणि मग दुसरी गोष्ट दिसली, ती बोलू का? चूक तुमची पण होती. पाचपासून सुरू केलं असतं तरी आठआठनं मोजत प्रत्येक ओळीतलं पाचवंच घर आलं असतं, सगळी मधली. आठांच्या ओळींत आठचं अंतर घ्यायचंच नव्हतं. ते तुम्हाला मंगळवारी उमगलं होतं, म्हणून नकाशा. कबूल करणार होता ना बुधवारी? वर्गासमोर, नेहमीसारखं, "पोरांनो, आज मास्तर चुकला," असं म्हणून? मला ते ऐकायचं होतं हो. तुमची चूक तुमच्या तोंडून ऐकायला जेवढी मजा यायची, तेवढी दुसऱ्या कशालाच नाही.

तर आज सकाळी गडव्यात पाचाची नवी चिठ्ठी टाकली आणि तो पिशवीत घालून तांड्यात आले. थेट नायककाकांच्या ओट्यावर. पाणी घेतलं, चहा घेतला. आमच्या बोलीत बोललो, तुम्हाला मराठीत सांगते.

"काका, मागची पाहणी चुकली. माझ्यामुळं. पुन्हा करायची."

"आमाला इचारलं ते चुकलं का?" काकांचा आवाज चढला. आतून काकीही दारात आली.

"न्हाई. फक्त तुमच्यासारख्यांनाच इचारलं, ते चुकलं. आता बारा ओळी, प्रत्येक ओळीतून एक घर. कोणतं, ते चिठ्ठी सांगणार. आणि चिठ्ठी तुमी काढायची. तांड्याचे नायक तुमी."

काकांनी पटका नीट केला, बाही सारली आणि गडव्यात हात घातला. पहिल्या ओळीला तीन निघाला. "म्हंजे मला न्हाई इचारणार?"

"न्हाई, काका."

"मान माझा आन सवाल दुसऱ्याला!" म्हणाले, आणि काकीच आधी हसली. मग काकाही. प्रत्येक चिठ्ठी वाचून, घडी करून, परत गडव्यात टाकत होते. दोन ओळींना एक नंबरही निघाला, तीही घरं राहू दिली, चिठ्ठी म्हणेल ते.

सातव्या ओळीत शीतलचं घर. सहावं. काकांचा हात गडव्यात गेला आणि मी देवाचं नाव घेतलं, सर. खोटं कशाला सांगू? मनात म्हणत होते, सहा, सहा, सहा. काकांनी चिठ्ठी लांब धरून वाचली. "चार."

माझा चेहरा त्यांनी वाचला असावा. हळूच म्हणाले, "आपल्या शीतलचं घर घालून टाक की ग. कोन बघून राहिलं? तिच्यासाठीच तर चाललंय हे सारं."

मोह झाला. एक चिठ्ठी तर होती. तुमचा तो टाचणी लावलेला पाच नसता, तर घातलं असतं मी. म्हटलं, "न्हाई काका. चार म्हंजे चार."

दुपारपर्यंत बाराही घरं फिरले. तीनच दारांत मोटारसायकल होती. एका घरातली बाई म्हणाली, पोरीचं नाव काढलं गेल्याच महिन्यात, आता काय इचारता? तेही लिहून घेतलं. सातव्या ओळीतल्या चौथ्या घराकडून निघाले तेव्हा शीतल आपल्या दारात उभी होती. केस विंचरून, नवी ओढणी घेऊन. मला सांगायची उत्तरं तिनं पाठ करून ठेवली असणार.

"आत्या, आमच्याकडं कव्हा?"

"न्हाई ग. चिठ्ठी न्हाई निघाली."

"पन मी तर रोज चालते की."

"माहीत हाय मला. म्हणूनच."

तिला ते कळलं नाही, मलाही मंगळवारी कळलं नव्हतं. ती रुसून आत गेली, तांब्या घेऊन बाहेर आली, आणि आता माझ्यासोबत तीन किलोमीटर चालत फाट्यावर आलीय. तिला घरी बसवतच नव्हतं.

प्राचार्यांना दुपारी फोन केला. सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या बघू." त्या 'बघू'चा अर्थ मला लागत नाही. साहेब म्हणतील बारा घरं म्हणजे काय नमुना. म्हणतील आधी एक सांगितलं, आता दुसरंच, तुमच्यावर भरवसा कसा ठेवायचा. म्हणू शकतात, आणि बरोबरच म्हणतील. बस येईल का ते मला माहीत नाही. पुढच्या वर्षी मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत असेन का, तेही नाही. शेजारची खुर्ची, असंच अजून लिहिते बघा.

तुम्ही मला चिठ्ठीवर विश्वास ठेवायला शिकवलंत. तांड्यातल्या पोरीला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं, तू कोण, कुणाची, कुठून आलीस, हे गडव्याला ठाऊक नसतं. त्याचे आभार मानायचे राहून गेले. वाटायचं, तुम्ही निवृत्त व्हाल तेव्हा सभेत बोलू.

लांब वळणावर बस दिसून राहिली. भरलेली वाटतेय. शीतल माझ्या खांद्यावरून डोकावतेय.

"कुणाला लिहून राहिली, आत्या?"

"माझ्या सरांना."

"ते तर गेले ना? मग काय लिवलं?"

"त्यांनी एक इचारलं होतं, ग. सुरुवात कुठून केली म्हणून."

"मग?"

"एकपासून, म्हणून लिवलं."